खाजगी वैमानिक, बरोबरचे प्रवासी आणि खर्चाची वाटणी: अमेरिकेतील नियम

वाऱ्याची_दिशा

न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया भागात हौसेखातर विमान चालवायला शिकलेली मराठी मंडळी आता बरीच भेटतात. परवाना हातात पडला की त्यांच्यापुढे पहिला अवघड प्रश्न येतो तो हवामानाचा किंवा इंजिनाचा नसतो, मित्रांचा असतो: "पेट्रोलचे पैसे आम्ही देतो, शनिवारी आम्हाला बॉस्टनला सोडशील का?" याचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे द्यावे लागते, आणि ते का द्यावे लागते हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. उड्डाणाच्या तंत्राचे नियम प्रशिक्षणात पक्के करून घेतले जातात. पैशांच्या नियमावर मात्र परीक्षेत एखादा प्रश्न येतो आणि नंतर तो विस्मरणात जातो.

मूळ नियम संघीय हवाई नियमावलीच्या कलम ६१.११३ मध्ये आहे. खाजगी परवानाधारकाने मोबदला घेऊन विमान चालवू नये, तसेच मोबदला देऊन बसलेले प्रवासी किंवा मोबदल्यावर चाललेला माल ज्या विमानात आहे त्याचा प्रमुख वैमानिक होऊ नये, असे तिथे आधी सांगितले आहे आणि मग मोजके अपवाद दिले आहेत. आपल्या उपयोगाचा अपवाद असा की उड्डाणाचा चालू खर्च प्रवाशांबरोबर वाटून घेता येतो, मात्र वैमानिकाने स्वतःच्या समान वाट्यापेक्षा कमी पैसे भरता कामा नये. या खर्चात इंधन, तेल, विमानतळावरील शुल्क आणि विमानाचे भाडे एवढ्याच चार बाबी धरल्या जातात. चौघे मिळून गेले आणि भाडे व लँडिंग फी मिळून ४०० डॉलर झाले, तर वैमानिकाच्या खिशातून किमान १०० डॉलर गेलेच पाहिजेत. ज्यांचे स्वतःचे विमान आहे त्यांना हँगरचे भाडे, विम्याचा हप्ता, वार्षिक तपासणी किंवा इंजिनाच्या ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवायची रक्कम यांतला एक डॉलरही प्रवाशांकडून घेता येत नाही.

हिशोबाचा भाग इथे संपतो आणि खरी गुंतागुंत सुरू होते. एफएएने (अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने) वेळोवेळी दिलेल्या कायदेशीर खुलाशांनुसार, खर्च वाटून घ्यायचा असेल तर त्या ठिकाणी जाण्याचे वैमानिकाचे स्वतःचेही कारण हवे. बॉस्टनच्या लग्नाचे निमंत्रण तुम्हालाही आहे आणि तुम्ही तीन मित्रांना बरोबर नेले, तर वाटणी चालते. मित्राला मुलाखतीसाठी सोडून तुम्ही तसेच परत फिरलात, तर तुम्ही त्याची वाहतूक केलीत, आणि तिथे त्याच्याकडून अर्धे इंधनही घेता येत नाही. अशा वेळी सगळा खर्च तुम्ही सोसायचा किंवा त्याला आगगाडीचे वेळापत्रक दाखवायचे.

तिसरी अट जाहिरातीची आहे. "रविवारी मार्थाज व्हिनयार्डला जात आहे, दोन जागा रिकाम्या आहेत, खर्च वाटून घेऊ," असे ओळखीच्या चार जणांना सांगणे निराळे आणि हजारो सभासदांच्या फेसबुक गटावर टाकणे निराळे. दुसऱ्या प्रकारात तुम्ही सर्वसामान्य जनतेला वाहतूक सेवा देऊ करत आहात असा अर्थ लावला जातो, मग नफा एक सेंटचा नसला तरीही. एफएएने २०२० मध्ये केवळ खर्चवाटणीवर एक स्वतंत्र मार्गदर्शक परिपत्रक काढले, यावरून हा गोंधळ किती व्यापक आहे ते लक्षात यावे.

नवखा_वैमानिक

अत्यंत उपयुक्त माहिती आहे. एक शंका आहे. मित्राने पैसे माझ्या हातात दिलेच नाहीत, विमानाचे संपूर्ण भाडे त्याने परस्पर फ्लाइंग स्कूलला भरले आणि मी केवळ विमान चालवले, तर मला काहीच मिळाले नाही असे म्हणता येईल का?

वाऱ्याची_दिशा

म्हणता येणार नाही. मोबदला म्हणजे रोख रक्कमच असे नियम मानत नाही. तुमच्या लॉगबुकात जे तास जमा झाले त्यांना बाजारात किंमत आहे, कारण ते मिळवण्यासाठी एरवी तुम्हाला पैसे मोजावे लागले असते. म्हणून फुकट मिळालेले उड्डाणतास हाही मोबदलाच धरला जातो. पुढे व्यवसाय मिळावा म्हणून एखाद्या ग्राहकाला फुकट फिरवून आणणे, यालाही एफएएने या व्याख्येत ओढले आहे. स्वतःच्या नोकरीच्या कामासाठी तुम्ही विमानाने गेलात आणि उड्डाण हा त्या कामाचा आनुषंगिक भाग असेल, तर मालकाने खर्च देणे चालते, परंतु त्या अपवादात मोबदल्यासाठी प्रवासी किंवा माल नेता येत नाही.

राइनकाठी

मी जर्मनीत राहतो आणि इथले चित्र पाहता अमेरिकेची भूमिका मला अनाकलनीय वाटते. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार खाजगी वैमानिक प्रत्यक्ष खर्च सर्व जणांत वाटून घेऊ शकतो, वैमानिक धरून सहा जणांची मर्यादा आहे, वैमानिकानेही काही वाटा उचलला पाहिजे, परंतु तो समानच असावा अशी सक्ती नाही. यासाठी संकेतस्थळे उघडपणे चालतात आणि अनोळखी माणसे त्यांवरून जागा घेतात. त्यामुळे अनेक वैमानिकांचे तास वाढतात, सराव टिकतो आणि परिणामी सुरक्षितताही वाढते. नफा होत नसेल तर राज्यसंस्थेने मध्ये का पडावे?

वाऱ्याची_दिशा

नेमका हाच युक्तिवाद अमेरिकेतही झाला. फ्लायटनाऊ नावाच्या कंपनीने वैमानिक आणि प्रवासी यांची गाठ घालून देणारे संकेतस्थळ सुरू केले होते. २०१४ मध्ये एफएएने त्याला हरकत घेतली, कंपनी न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने एफएएच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

सरावाचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, तरीही या वादात मी न्यायालयाच्या बाजूचा आहे. तिकीट काढून बसणाऱ्या माणसाला वैमानिकाची ठरावीक काळाने होणारी चाचणी, अमली पदार्थांची तपासणी आणि कंपनीची देखभालव्यवस्था यांचे संरक्षण असते. माझ्या शेजारी बसणाऱ्याला त्यातले जवळजवळ काहीच नसते. माझा चुलतभाऊ मला ओळखतो, मी किती वेळा हवामान पाहून बेत रद्द केला हे त्याला माहीत असते, आणि तरीही यायचे की नाही हे तो ठरवू शकतो. संकेतस्थळावरून आलेल्या अनोळखी माणसाला पडद्यावर फक्त किंमत आणि वेळ दिसते.

सईची_आई

पुढच्या महिन्यात सासू-सासरे भारतातून येत आहेत. माझ्या यजमानांकडे परवाना आहे आणि हडसन नदीवरून न्यूयॉर्क दाखवायचा त्यांचा बेत आहे. पैशांचा प्रश्न नाही, परंतु त्या भागात विशेष नियम आहेत असे ऐकले. त्याविषयी कोणी सांगू शकेल का?

खाडीपलीकडे

मी त्या मार्गावर नेहमी जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. न्यूयॉर्क परिसरात केनेडी, लागार्डिया आणि नेवार्क या तीन विमानतळांचे 'क्लास बी' क्षेत्र पसरलेले आहे आणि त्यात नियंत्रकाच्या स्पष्ट परवानगीवाचून शिरता येत नाही. हडसन नदीच्या वरचा एक चिंचोळा पट्टा मात्र १,३०० फुटांच्या खाली या क्षेत्रातून वगळलेला आहे. ८ ऑगस्ट २००९ रोजी त्याच पट्ट्यात न्यू जर्सीतील टिटरबरो विमानतळावरून निघालेले एक पायपर विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ जण मरण पावले. त्याआधी ज्या गोष्टी केवळ सूचना म्हणून पाळल्या जात होत्या, त्या त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून बंधनकारक झाल्या.

त्यानुसार उत्तरेकडे जाताना पूर्व किनाऱ्याने आणि दक्षिणेकडे जाताना पश्चिम किनाऱ्याने जायचे, वेग १४० नॉटच्या वर न्यायचा नाही, दिवे चालू ठेवायचे, त्या भागाचा चालू नकाशा विमानात बाळगायचा आणि अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड जहाज, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, व्हेराझानो पूल अशा ठरलेल्या खुणांपाशी १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा, दिशा आणि उंची स्वतः जाहीर करायची. नुसते आरपार जाणाऱ्यांनी १,००० ते १,३०० फुटांमध्ये राहायचे. पुतळ्याभोवती घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरे त्याखाली असतात. ईस्ट रिव्हरच्या बाजूला चुकूनही वळू नये, कारण ऑक्टोबर २००६ मध्ये एक छोटे विमान तिथल्या इमारतीवर आदळल्यानंतर त्या पट्ट्यात साध्या विमानांना नियंत्रकाची परवानगी लागते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ३०,००० किंवा अधिक आसनांच्या मैदानात मोठ्या लीगचा बेसबॉल किंवा अमेरिकन फुटबॉल सामना असेल, तर सुरू होण्याच्या एक तास आधीपासून संपल्यानंतर एक तासापर्यंत तीन सागरी मैलांच्या परिघात ३,००० फुटांखाली उड्डाणाला बंदी असते. यांकी स्टेडियम नदीपासून त्या परिघाच्या आत आहे. त्यामुळे यांकींच्या सामन्याचे वेळापत्रक हा त्या दिवसाच्या नोटॅमइतकाच (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनांइतकाच) महत्त्वाचा कागद समजावा. राष्ट्राध्यक्ष न्यू जर्सीतील बेडमिन्स्टर या गावी मुक्कामाला असतील, तर मध्य जर्सीतील छोट्या विमानतळांवरून निघणेच कठीण होते.

वाऱ्याची_दिशा

वरील प्रतिसादाला थोडी जोड देतो. प्रवासी बरोबर घ्यायचे तर यजमानांनी मागील ९० दिवसांत त्याच वर्गाच्या विमानाची तीन उड्डाणे आणि तीन लँडिंग केलेली असली पाहिजेत. सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यावर न्यायचे असेल, तर ती तीन लँडिंग त्याच रात्रीच्या कालखंडात आणि पूर्ण थांबून केलेली हवीत. दर २४ कॅलेंडर महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर करायचा फ्लाइट रिव्ह्यू वेगळा. रिव्ह्यू झाला म्हणून ९० दिवसांची अट सुटत नाही आणि ती पाळली म्हणून रिव्ह्यू टळत नाही.

वजनाचा हिशोबही आवर्जून करावा. सेसना १७२ एस या विमानाचे कमाल उड्डाणवजन २,५५० पौंड आहे. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येणारे ५३ गॅलन इंधनच सुमारे ३१८ पौंड भरते, आणि मग चार प्रौढ माणसांना सहसा जागा उरत नाही, आसने चार असली तरी. इंधन कमी घेऊन जायचे ठरवल्यास दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचा राखीव साठा धरूनच हिशोब मांडावा लागतो.

ढोलताशा

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव समितीत एक प्रस्ताव आला आहे की विसर्जन मिरवणुकीवर विमानातून पुष्पवृष्टी करावी. आमच्यापैकी एका सभासदाकडे परवाना आहे आणि विमानाचे भाडे मंडळ देईल. शिवाय देणगीसाठी विमानफेरीचा लिलाव करावा, असेही एकाने सुचवले आहे. हे नियमात बसते का?

वाऱ्याची_दिशा

तीन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून वेगळी उत्तरे देतो. विमानातून वस्तू टाकण्यावर सरसकट बंदी नाही. माणसांना किंवा मालमत्तेला धोका होणार नाही याची वाजवी काळजी घेतली असेल तर कलम ९१.१५ त्याला आडवे येत नाही. अडचण उंचीची आहे. उघड्यावर जमलेल्या जमावावरून जाताना २,००० फुटांच्या परिघातील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान १,००० फूट राहावे लागते. झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या उंचीवरून सोडल्या तर बाप्पावर किती आणि शेजारच्या मॉलच्या वाहनतळावर किती पडतील, याचा अंदाज समितीने स्वतःच बांधावा. त्यातही भाड्याच्या विमानाचे दार किंवा खिडकी उड्डाणात उघडून काही टाकायला बहुतेक फ्लाइंग स्कूल परवानगी देत नाहीत.

भाडे मंडळाने देणे मात्र सरळ नियमबाह्य आहे. सभासद खाजगी परवान्यावर उडत असेल आणि सगळा खर्च मंडळ करत असेल, तर तो मोबदल्यासाठी केलेला वैमानिकाचा व्यवहार होतो. हे काम करायचेच असेल तर व्यावसायिक परवाना असलेला वैमानिक आणि तशी परवानगी असलेली कंपनी शोधावी.

देणगीसाठी फेरीचा लिलाव हा अपवाद नियमात आहे, कलम ९१.१४६ मध्ये, पण त्याच्या अटी कडक आहेत. वैमानिक खाजगी परवान्याचा असेल तर त्याच्या नावावर किमान ५०० तास हवेत. उड्डाण दिवसाचे, चांगल्या दृश्यमानतेतले, एकाच विमानतळावरून निघून मध्ये न थांबता तिथेच परत येणारे आणि २५ मैलांच्या आत राहणारे असावे लागते. धर्मादाय संस्थेला असे कार्यक्रम वर्षाला चारपेक्षा जास्त करता येत नाहीत.

हिरवे_कार्ड

परवाना घेण्याच्या आधीच्या टप्प्यावरचा प्रश्न आहे. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. नागरिकांप्रमाणे मला थेट प्रशिक्षण सुरू करता येईल का?

खाडीपलीकडे

थेट येणार नाही. ग्रीन कार्ड असले तरी प्रशिक्षणाच्या दृष्टीने तुम्ही परकीय नागरिकच आहात, आणि पहिला परवाना, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याची पात्रता) किंवा बहुइंजिनी विमानाचे रेटिंग यांचे प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसएची (वाहतूक सुरक्षा प्रशासनाची) सुरक्षा मंजुरी घ्यावी लागते. २०२४ मध्ये हे नियम बदलले आणि एकदा मिळालेली मंजुरी आता पाच वर्षे चालते, पूर्वीप्रमाणे प्रत्येक प्रशिक्षणासाठी नवा अर्ज लागत नाही. ओळख व्हावी म्हणून केलेल्या एका प्रात्यक्षिक फेरीला मंजुरी लागत नाही. एच-वन बीवर असलेल्यांनी व्हिसाच्या अटींविषयी आपल्या वकिलाला स्वतंत्रपणे विचारावे; टीएसएची मंजुरी म्हणजे इमिग्रेशनची मंजुरी नव्हे.

गोळ्या_औषधे

मी औषधविक्रेता आहे, म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणाऱ्या मुद्द्याकडे लक्ष वेधतो. आपल्याकडे सर्दी झाली की सेट्रिझिन घेण्याची सवय घरोघरी आहे, आणि ती गोळी इथे झिरटेक नावाने दुकानात सहज मिळते. एफएएच्या दृष्टीने ती गुंगी आणणारी आहे आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तास विमान चालवता येत नाही. बेनाड्रिलसाठी हीच मुदत ६० तासांची आहे. लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन या गोळ्या त्रास होत नसेल तर चालतात.

मद्याच्या नियमात आठ तासांचे अंतर आणि रक्तात ०.०४ टक्क्यांची मर्यादा या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. रात्री उशिरापर्यंत पार्टी झाली असेल तर आठ तास होऊनही दुसरी अट मोडलेली असू शकते.

ज्यांना दर वेळी एफएएच्या डॉक्टरांकडे जाणे जड जाते त्यांच्यासाठी १ मे २०१७ पासून बेसिकमेडचा मार्ग आहे. १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी एफएएचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर दर ४८ महिन्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून ठरलेल्या नमुन्यात तपासणी आणि दर २४ महिन्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रम एवढ्यावर भागते. नोव्हेंबर २०२४ पासून या मार्गाने सात आसनी आणि १२,५०० पौंडांपर्यंतचे विमान चालवता येते, प्रवासी सहापर्यंत. पहिल्यांदाच परवाना घेणाऱ्याला मात्र एफएएच्या डॉक्टरांची पायरी चुकत नाही.

परतलेला_पुणेकर

मी अमेरिकेत परवाना घेतला आणि आता कायमचा पुण्यात आलो आहे. परवान्याला मुदत नसते असे शिकवले होते. त्यामुळे आता काही करायचे नाही, असे समजावे का?

वाऱ्याची_दिशा

परवान्याला मुदत नसते हे खरे, पण पत्त्याचा नियम आहे. कायमचा पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत एफएएला कळवले नाही, तर कळवेपर्यंत त्या परवान्यावर उडता येत नाही. नोकरीनिमित्त दर दोन वर्षांनी राज्य बदलणाऱ्या आपल्या लोकांकडून हे हमखास राहून जाते. तुमच्या बाबतीत त्याहून पुढचा नियम लागू आहे. ज्या परवानाधारकांचा अमेरिकेत प्रत्यक्ष पत्ता नाही, त्यांनी एफएएचे कागदपत्र स्वीकारण्यासाठी अमेरिकेत एक प्रतिनिधी नेमून तशी नोंद करणे ७ जुलै २०२५ पासून बंधनकारक आहे, आणि तो प्रतिनिधी नेमल्याशिवाय परवान्याचे अधिकार वापरता येत नाहीत. तिथे असलेल्या भावाबहिणीचे नाव देता येते, मात्र त्यांची आधी संमती घ्यावी.

बारामतीकर

मी इकडे प्रशिक्षण देतो, म्हणून पुणेकरांसाठी पुढचे लिहितो. भारतात नोंदलेले विमान चालवायचे तर अमेरिकन परवान्यावर भागणार नाही. तो डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) रूपांतरित करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी इथल्या हवाई नियमांची परीक्षा द्यावी लागते. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे आणि रेडिओ-टेलिफोनीच्या प्रमाणपत्राचे अधिकारही त्याने दूरसंचार खात्याकडून विमान वाहतूक खात्याकडे आणले आहेत.

अमेरिकेतून आलेल्या वैमानिकाला खरा धक्का बसतो तो उड्डाणाच्या तयारीत. तिकडे छान हवामानात, छोट्या विमानतळावरून कोणालाही न कळवता निघता येते. इकडे एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचे तर फ्लाइट प्लॅन भरून हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. रात्री केवळ नजरेच्या आधाराने दूरचे उड्डाण करण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. मद्याचे अंतर आठ नव्हे, बारा तासांचे आहे आणि रक्तातील प्रमाण शून्य हवे. मुंबईच्या बाजूला जाणार असाल तर मलबार हिलवरील टॉवर ऑफ सायलेन्स आणि तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र ही निषिद्ध क्षेत्रे नकाशावर आधी पाहून ठेवावीत. मोबदल्याच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखेच आहे: खाजगी परवान्यावर पैसे कमावता येत नाहीत.

ढोलताशा

समितीपुढे वरील माहिती ठेवली. पुष्पवृष्टीचा प्रस्ताव मागे घेण्यात आला आहे. लिलावासाठी मात्र ७०० तासांहून अधिक अनुभव असलेले एक सभासद तयार आहेत. एफएएला आधी कळवावे लागते का, आणि किती दिवस आधी?

वाऱ्याची_दिशा

होय. कार्यक्रमाच्या किमान सात दिवस आधी तुमच्या भागातील एफएएच्या जिल्हा कार्यालयाला आयोजकांनी लेखी कळवायचे असते. त्या पत्राबरोबर कार्यक्रमाची माहिती आणि वैमानिकाच्या परवान्याचा, वैद्यकीय पात्रतेचा व अनुभवाचा तपशील जोडावा लागतो. सभासदांची ९० दिवसांतील तीन लँडिंगही त्याच वेळी लॉगबुकात तपासून घ्या, आणि विमान भाड्याचे असेल तर अशा कार्यक्रमाला त्याचा विमा लागू आहे का, हे फ्लाइंग स्कूलकडून लेखी मागवा.